शेजारच्या बांधावरनं

१९९६ च्या पावसाळ्यात तात्यांच्या बागेतल्या डाळिंबाच्या फांद्या आमच्या रानात आल्या आणि आमचं घर ज्वारी-करडईवरनं डाळिंबावर आलं. मी तेव्हा पाचवीत होतो. तात्या म्हणजे आमचे बांधशेजारी. नातं काही नाही. आडनाव वेगळं, वाडा वेगळा, पण बांध एक. आमचं गाव सांगोला तालुक्यात. जमीन मुरमाड, विहिरीला पाणी असलं तर असलं.

त्याआधी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोनदा गुटी कलम बांधून बघितलं होतं. पंढरपूरच्या एका पाहुण्यानं कलम कसं बांधायचं ते सांगितलं होतं. पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी बघायची, इंचभर साल गोल काढायची, तिथं ओलं मॉस, म्हणजे शेवाळ, गुंडाळायचं, वरनं प्लॅस्टिकचा कागद आणि दोन्ही टोकांना सुतळी आवळायची. आबांनी तसंच केलं. एकाही फांदीला मूळ फुटलं नाही. दोन्ही वेळा महिनाभरानं कागद सोडला तर साल पुन्हा जुळून आलेली.

तात्यांनी ते ऐकलं आणि आबांना घेऊन आपल्या बागेत गेले. मीही मागं मागं गेलो. त्यांनी फांदीवरची साल काढली आणि आबांचा अंगठा धरून त्या उघड्या जागेवर फिरवला. "काय लागतंय?" आबा म्हणाले, "बुळबुळीत लागतंय." "मग ते नखानं खरवड. बोटाला बुळबुळ लागली न्हाई पायजे. ती ऱ्हायली की साल परत जुळती." एवढंच. पाहुण्यानं काही चुकीचं सांगितलं नव्हतं. पण साल काढल्यावर खाली राहणारा तो हिरवट, निसरडा थर त्याच्या सांगण्यातनं गळला होता. तो स्वतः इतक्या सहजपणे तो खरवडत असणार, की आपण असं काही करतो हे त्याच्या ध्यानातही नसेल. त्या वर्षी आमच्या गुट्यांच्या कागदातनं पांढऱ्या मुळ्या दिसायला लागल्या. आई रोज सकाळी जाऊन कागदावर बोट ठेवून त्या मोजायची.

पुढं कृषी पदवीला गेल्यावर 'विस्तार शिक्षण' नावाच्या विषयात अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा एक अभ्यास शिकलो. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी १९४३ साली तो प्रसिद्ध केला. संकरित मका शेतकऱ्यांनी कसा स्वीकारला हे त्यांनी दोन गावांतल्या २५९ शेतकऱ्यांना विचारलं होतं. नव्या बियाण्याची पहिली बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडनं कळली होती, पण ते पेरायचं ठरलं ते शेजाऱ्याचं पीक बघून. सरांनी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आबांचा तो अंगठा होता. बाकीच्या मुलांना तो परीक्षेतला पाच मार्कांचा प्रश्न वाटला असेल. मला वाटलं, आमच्या बांधावरची गोष्ट कुणीतरी आपल्याआधी, इतक्या लांब बसून लिहून ठेवली आहे.

शेतीतलं जवळचं आणि लांबचं हे किलोमीटरवर ठरत नाही, मातीवर ठरतं, हे मला डाळिंबाच्या ताणावरनं कळलं. बहार, म्हणजे फुलाफळांचा हंगाम, धरायच्या आधी झाडाचं पाणी तोडतात. झाड दमलं पाहिजे, पानं पिवळी पडली पाहिजेत, काडीत अन्न साठलं पाहिजे. मग पानगळ करायची, छाटणी करायची, पाणी सोडायचं, म्हणजे कळी एकदम निघते. ताण किती दिवस द्यायचा? हलक्या जमिनीला महिना-सव्वा महिना, भारी जमिनीला त्याहून जास्त, असं पुस्तकात असतं आणि ते बरोबरच असतं. पण आमच्या रानात वरच्या अंगाला हातभर मुरूम आहे आणि खाली ओढ्याकडं काळी माती. एकाच बागेत दोन हिशेब. नाशिककडच्या सटाणा-मालेगावचा शेतकरी डाळिंबात आमच्यापेक्षा जुना आहे, त्याच्याकडनं खूप शिकण्यासारखं आहे. पण ओढ्याकडच्या ओळींना कधी पाणी सोडायचं हे तो सांगू शकत नाही. ते तात्या सांगू शकतात, कारण तोच ओढा त्यांच्याही रानाच्या कडेनं जातो. तात्या काडी वाकवून बघतात, डोळा फुगलाय का ते बघतात आणि म्हणतात, "अजून चार दिस थांब." या चार दिवसांचं कारण त्यांना विचारलं तर शब्दांत सांगता येत नाही. ते बघायला त्यांच्या मागनं बागेत फिरावं लागतं. मी फिरलो, म्हणून मला आता थोडंफार येतं.

नान्नजची द्राक्षंही अशीच फिरण्यातनं आलेली आहेत. नान्नज सोलापूरपासनं बार्शी रस्त्याला वीसेक किलोमीटरवर. बाहेरच्यांना ते माळढोकामुळं माहीत असतं, बागायतदारांना नानासाहेब काळ्यांमुळं. थॉमसन सीडलेसच्या बागेत लांबट मण्यांचा एक वेगळेपणा त्यांना दिसला, त्यांनी तो वेगळा काढून वाढवला आणि 'सोनाका' हे वाण तयार झालं. काळ्या द्राक्षातलं 'शरद सीडलेस' हेही त्यांचंच. सांगली जिल्ह्यात तासगावच्या बाजूला असंच 'तास-ए-गणेश' निघालं. प्रयोगशाळेत न जाता, रोज तीच बाग बघणाऱ्या माणसाला एक फांदी निराळी दिसली. हजारो घडांत एक घड वेगळा आहे हे कळायला बाकीचे हजार घड डोळ्यांत बसलेले असावे लागतात. पण दिसून थांबलं असतं तर ते एका बागेतलं नवल राहिलं असतं. काडी शेजाऱ्याला दिली गेली, त्यानं पुढं दिली, म्हणून त्याचं वाण झालं.

द्राक्षवाल्यांकडनं आम्ही डाळिंबवाल्यांनी शिकावं असं फार आहे. त्यांचा महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० पासनं आहे. बागेत उभं राहून चर्चासत्र घ्यायचं, चुकलेला प्लॉटसुद्धा दाखवायचा, ही पद्धत त्यांच्यात रुजली. त्यामागं कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचाही मोठा हात. प्रत्येक शेतकऱ्यानं आपल्या रानात स्वतः प्रयोग करायचा आणि त्याचं जे होईल ते दुसऱ्याला कळवायचं, पत्रानं, भेटीनं, बैठकीत, हा दाभोळकरांचा आग्रह. मला त्यातलं 'जे होईल ते' महत्त्वाचं वाटतं. जमलेलं सांगायला कुणालाही आवडतं.

डाळिंबात आमच्याकडं आधी 'गणेश' होतं, मग 'भगवा' आला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं हे वाण. साल जाड, रंग केशरी-लाल, लांबच्या प्रवासाला टिकणारं. पण मी लहानपणी ऐकलेली त्याची नावं ऐका: शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी. झाड एकच, गावागणिक नाव निराळं. मला तर ही नावं म्हणजे त्या फांदीच्या प्रवासाची नोंदच वाटते. सरकारी कागद पोचायच्या आधी कुणाच्या तरी मोटारसायकलला बांधून, ओल्या गोणपाटात गुंडाळून ती फांदी गावोगाव गेली आणि जिथं रुजली तिथं तिचं बारसं झालं.

त्याच वाटेनं तेल्या रोगही आला. २००७ चा मृग बहार होता, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला धरलेला. आमची साडेसहाशे झाडं. कळी चांगली निघाली होती, फळधारणा झाली होती, लिंबाएवढी फळं धरली होती आणि पाऊस लागून राहिला. ऑगस्टात एका सकाळी आबांनी एक पान तोडून सूर्याकडं धरलं. तेलाचा थेंब पडल्यावर कागद जसा दिसतो तसा पानावर एक ठिपका, उजेडात आरपार दिसणारा, कडेला पिवळसर वळं. तेल्या हा जिवाणूचा रोग. पानावर असतो तोवर माणूस आशा धरून असतो. तो फळावर गेला की काळा डाग पडतो आणि फळ तिथंच इंग्रजी एल किंवा वायच्या आकारात तडकतं. तडकलेल्या फळाला बाजार नाही.

आबांनी ते पान खिशात घातलं. घरात कुणालाच सांगितलं नाही, तात्यांना तर नाहीच. व्यापारी बाग बघून गेला होता, दराचं बोलणं चालू होतं. तेल्याचं नाव निघालं असतं तर तो पुन्हा फिरकला नसता. आणि लाजही होती. बागेत रोग येणं म्हणजे आपल्या हातात दोष, असं तेव्हा वाटायचं. रोज पहाटे, बाया कामाला यायच्या आत, आबा एकटे जाऊन डागाची पानं तोडत आणि ओढ्याच्या कडेला पुरत. हे अठरा दिवस चाललं.

फोडलं ते आईनं. खुरपणीला येणारी बायांची टोळी आज आमच्याकडं, उद्या तात्यांकडं, परवा पलीकडच्या अण्णांकडं अशी फिरायची. बाप्यांना जे आठ दिवसांनी कळतं ते या बायांना त्याच दिवशी माहीत असतं. एका रात्री जेवताना आई म्हणाली, "तुम्ही झाकून ठेवलंय. तिकडं तात्याबी झाकून बसल्यात. खुरपायला येणाऱ्या बायांना काय डोळं न्हाईत व्हय?" आबांचा हात ताटातच थांबला. तात्यांच्याही बागेत तेल्या होता. तेही पहाटे उठून पानं तोडत होते. मधे एक बांध, त्याच्या दोन्ही अंगांना दोन माणसं एकाच वेळी तेच काम करत होती आणि दिवसा भेटल्यावर पावसाबद्दल बोलत होती.

त्यातलं सगळ्यात वाईट मला नंतर, अभ्यासातनं कळलं. छाटणीची टोळी आम्हा दोघांची एकच होती, कात्र्या त्याच. तेल्या रोगट कलमातनं येतो, पावसाच्या थेंबांबरोबर उडतो आणि कात्रीच्या पात्यावर बसूनही जातो. ज्या हातांनी एका बागेतलं कसब दुसऱ्या बागेत नेलं, त्याच हातांनी रोगही नेला. आबांनी पहिल्या दिवशी ते पान खिशात न घालता बांधावरनं हाक मारली असती तर काय झालं असतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनी स्वतःलाच विचारलेलं आहे, हे मला दिसतं. त्या वर्षी आमची तीनशेवर झाडं काढावी लागली. तात्यांची त्याहून जास्त.

झाडांचे बुडखे पेटवले त्या संध्याकाळी तात्या बांध ओलांडून आले. दोघं बराच वेळ आगीपाशी बसले. मग तात्या म्हणाले, "आता कायबी झालं तर आधी मला सांगायचं. मी तुला सांगतो." आबांनी नुसती मान हलवली.

सोलापूर-पुणे रस्त्याला केगावात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये सुरू झालं होतं. आम्ही पुढच्या महिन्यात तिथं गेलो. तिथं कळलं की औषधापेक्षा बागेची वागणूक बदलावी लागेल. पावसाळ्यात फळ झाडावर ठेवू नका. मृग सोडा, पावसाळा सरताना हस्त बहार धरा. काढणीनंतर बागेला तीन-चार महिने पूर्ण विश्रांती द्या. रोगट काडी डागाच्या दोन इंच खालून कापा, कापलेलं सगळं बाहेर नेऊन जाळा, बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारा आणि प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराईटच्या पाण्यात बुडवा.

हे सगळं ऐंशी किलोमीटरवरनं एका दिवसात घरी आलं. अमलात आणायला दोन वर्षं लागली. मी एकट्यानं मृग सोडून उपयोग नव्हता. वाऱ्याच्या अंगाच्या बागेत भर पावसात रोगट फळं लटकत असतील तर माझी विश्रांती वाया. आमच्या शिवारात लागून लागून अकरा जणांच्या बागा. अकरा जणांना एका तारखेवर आणायचं काम कुठलं केंद्र करणार? एकाला पोरीच्या लग्नासाठी दिवाळीच्या आत पैसा हवा होता, त्याला मृग सोडणं परवडत नव्हतं. हस्ताचा माल उन्हाळ्याच्या तोंडाला निघतो, तोवर पाणी पुरवायचं तर शेततळं पाहिजे. ते तिघांकडंच होतं. शेवटी दोन शेततळ्यांतलं पाणी पाइप टाकून चौघांना दिलं, लग्नवाल्याला सगळ्यांनी मिळून हातउसने दिले आणि अकरा बागांनी एका पंधरवड्यात पानगळ केली. त्या हंगामात तेल्या संपला नाही, पण माल विकता आला. मधमाश्यांच्या पेट्यासुद्धा मग आम्ही मिळून आणायला लागलो. कळीच्या दिवसांत फवारायचं असेल तर आदल्या दिवशी निरोप द्यायचा, हे ठरलं. माशी बांध बघून उडत नाही.

शेजार नेहमी पुरतो असं मात्र मी म्हणणार नाही. सगळे शेजारी तेच करत असतील तर एकमेकांना बघून सगळे एकाच खड्ड्यात जातात. एकाच्या नादानं सगळ्यांनी डाळिंब लावून पाणी संपवलेली गावं मी बघितली आहेत. अधनंमधनं बाहेरचं वारं लागतं. आमच्याच जिल्ह्यात करमाळा तालुक्यातलं कंदर बघा. उजनीच्या पाण्याकाठी ऊस हेच पीक होतं, तिथनं आज केळी आखाती देशांत जाते. केळीचं नाव काढलं की आपल्याला जळगाव आठवतं, पण घडांची निगा, काढणी आणि पॅकिंग कंदरच्या शिवारात इतक्या दाटीनं वसलं की आता बाहेरचे लोक ते बघायला तिथं येतात.

आणि कधी उलटंही होतं, इथलं बाहेर जातं. रब्बी ज्वारीत ज्याला आजही तोड नाही त्या मालदांडी ३५-१ ची निवड १९३० च्या दशकात आमच्या मोहोळच्या केंद्रावर झाली, ती इथल्याच शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या मालदांडीतनं. निवडणाऱ्यांचं श्रेय मोठंच. पण त्यांच्या हातात पडेपर्यंत ती कणसं कुणाच्या सुपात निवडली गेली असतील? बियाण्याची कणसं बाजूला काढणं हे घरातल्या बाईचं काम असायचं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं २०१६ मध्ये. त्या कागदावर जागेचं नाव आहे. मला वाटतं, जागेचं नाव म्हणजे त्या सगळ्या न लिहिलेल्या नावांचंच एक नाव.

आता सगळं मोबाईलवर आहे. आमच्या शिवाराचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, तालुक्याचा वेगळा, जिल्ह्याचा वेगळा. २०२० च्या डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्यातनं बंगालमधल्या शालिमारला निघाली, तेव्हा गाडीचे फोटो आम्हाला स्टेशनवरनं मिनिटात आले. हवामान, दर, कुठल्या मार्केटला किती आवक, हे सगळं तिथं कळतं आणि त्याचा उपयोग मी रोज करतो. पण जिल्ह्याच्या ग्रुपवर फक्त चांगली फळं येतात. पाचशे ग्रॅमचं फळ वजनकाट्यावर ठेवलेलं, भरलेले कॅरेट, व्यापाऱ्याबरोबर हसणारा मालक. गेल्या काही वर्षांत खोडाला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडणाऱ्या किडीनं सांगोल्यात कितीतरी बागा काढायला लावल्या. त्या वाळलेल्या बागांचे फोटो ग्रुपवर फार उशिरा आले. २००७ मध्ये आबांच्या खिशात गेलेलं पान आजही पुष्कळांच्या खिशात जातं. ते बाहेर काढायला ज्याच्यासमोर लाज वाटत नाही असा माणूस जवळ असावा लागतो, आणि असा माणूस एका दिवसात तयार होत नाही. आमच्यात तो तीनशे झाडं जाळल्यावर तयार झाला. इतर गावांना एवढी किंमत मोजायला लागू नये, म्हणून मी हे लिहितोय.

मागच्या हस्ताला पाणी सोडून महिना झाला असेल, परतीचा पाऊस दोन दिवस झोडपून गेला होता. सकाळी सहाला तात्यांच्या नातवानं शिवाराच्या ग्रुपवर एका पानाचा फोटो टाकला. खाली एकच ओळ: 'आजोबा म्हणतेत बघायला या.' फोटो मोठा करून बघितला, तेल्या की नुसता बुरशीचा ठिपका ते काही कळेना. आबांना गाडीवर मागं बसवलं आणि निघालो. पोचलो तर बांधावर आधीच चार मोटारसायकली.

तात्यांनी आता ऐंशी ओलांडली आहे, काठी घेऊन फाटकापाशी उभे होते. पायाशी निळी बादली. माझ्या हातातल्या कात्रीकडं बघून त्यांनी काठीनं बादली पुढं सरकवली. मी कात्री बुडवली आणि आत गेलो. तिसऱ्या ओळीतल्या त्या झाडाभोवती सगळे उभे होते. तात्यांनी पान तोडून आबांच्या हातात दिलं. आबांनी ते सूर्याकडं धरलं, बराच वेळ धरून ठेवलं, आणि काही न बोलता पलीकडच्या अण्णांकडं दिलं.